‘अचानक’ हा शब्द वगळा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात अंगणातलं झाड ‘अचानक कोसळल्याची’ बातमी वाचली. सोबत फोटोही होता. त्यात मोडलेलं छप्पर स्वच्छ दिसतं, पण झाड जिथे फाटलं ती जागा चौकटीबाहेर राहिली आहे. मी ४१ वर्षं सुतारकाम केलं. तुटलेलं लाकूड दिसलं की माझी नजर आधी तुटल्या जागेकडे जाते, म्हणून हे पत्र.

माझ्या अंगणातला गुलमोहरही असाच फाटला होता. बायकोने लावलेलं रोप. ते कमरेएवढं असताना त्याला सारख्या जाडीची दोन खोडं फुटली. बेचकं मला फार आवडलं, झोपाळा टांगायला बरं होईल म्हणून मी ते तसंच ठेवलं. झाड २२ वर्षांचं होऊन वळवाच्या एका पावसात अर्धं खाली आलं. सकाळी करवत घेऊन गेलो आणि फाटलेला भाग पाहिला. आत ताजं, रेषा ओढून तुटलेलं लाकूड जवळपास नव्हतंच. वरपासून खालपर्यंत काळपट, सपाट साल! दोन बोटं रुंदीची कड तेवढी खरी जोडलेली होती. फळ्या कापताना मधोमध अशी सालीची पट्टी निघाली की आम्ही ती फळी बाजूला टाकत असू, कारण रंधा लागताच ती दुभंगते. जन्मभर ज्या खोटीला नावं ठेवली, ती बावीस वर्षं माझ्याच दारात उभी होती.

दोन खोडं सारख्या जोमाने, चिकटून वर जातात तेव्हा ती जाड होता होता मधली साल आत दाबून टाकतात. सालीला साल जुळत नाही. वरून एकच झाड दिसतं, आत दोन झाडं एकमेकांना रेटत असतात. हे ओळखायला यंत्र लागत नाही. चांगल्या जोडात बेचक्यात सालीची एक खरबरीत कड वर उचललेली दिसते. वाईट जोडात तिथे कड नसते, फट आत वळलेली असते आणि बेचकं अरुंद, चिमट्यासारखं असतं. जोडाच्या दोन्ही अंगांना कानासारखे फुगवटे आले असतील तर कमकुवत जागा झाकायला झाड तिथे जास्तीचं लाकूड भरतंय असं समजावं. फांदीची जाडी खोडाच्या निम्म्याहून कमी असेल तर सहसा काळजी नसते, कारण खोडाचं लाकूड तिच्या बुडाला चहूबाजूंनी वेढून घेतं. जाडी सारखी झाली की हे वेढणं होत नाही.

उपाय वेळेवर केला तर हास्यास्पद वाटावा इतका छोटा आहे. खोडं अंगठ्याएवढी असताना सिकेटरने, म्हणजे फांद्या छाटायच्या कात्रीने, एक काढून टाकायचं. मनगटाएवढी झाली असतील तर एक मुख्य ठरवायचं आणि दुसऱ्याचा शेंडा त्याच्याच एखाद्या बाजूच्या फांदीपर्यंत मागे घ्यायचा. दुसरं मागे पडतं, मुख्य जाड होतं, दोन-तीन वर्षांनी नको असलेलं काढता येतं. मोठ्या झाडात मात्र हे चालत नाही. तिथे वरचा भार हलका करणं, दोन्ही खोडं उंचावर पोलादी दोराने एकमेकांना बांधणं, ही कामं जाणकाराची. शिडी लावून आपण करण्याची नव्हेत, हे मी पडून शिकलो आहे.

आता माझा दुसरा गुन्हा. सुताराला गुळगुळीत आवडतं. त्यामुळे फांदी कापायची तर मी खोडाला अगदी सपाट, हात फिरवला तरी लागू नये अशी कापायचो आणि वरून डांबर फासायचो. कृषी शिकणाऱ्या नातीने ॲलेक्स शायगो यांचं काम समजावलं तेव्हा मान खाली गेली. अमेरिकेच्या वनखात्यातले हे संशोधक. त्यांनी हजारो झाडं उभी चिरून आत सड कशी पसरते ते पाहिलं आणि १९७७ मध्ये मांडलं की झाड जखम भरून काढत नाही, ते सडक्या भागाभोवती भिंती उभ्या करून त्याला कोंडतं. फांदीच्या बुडाशी जो फुगीर गळा असतो, त्याला कॉलर म्हणतात, तिथे झाड ही भिंत पक्की उभारू शकतं. आणि मी नेमका तोच गळा तासून काढत होतो. डांबराने सड थांबत नाही. ढोलीत सिमेंट भरण्याची जुनी पद्धतही अशीच फसवी. झाड वाऱ्यावर डोलतं, सिमेंट डोलत नाही, ते आतून घासत राहतं.

याउलट लांब खुंट ठेवला तर तो मरतो आणि झाड त्याच्याभोवती नवं लाकूड गुंडाळत जातं. रंधताना फळीतून टक्कन निखळणारी गाठ ती हीच. म्हणून काप कॉलरच्या अगदी बाहेरून हवा. फांदी जड असेल तर आधी खोडापासून वीतभर अंतरावर खालून चीर द्यावी, मग जरा पुढे वरून कापून फांदी पाडावी, आणि उरलेला खुंट शेवटी काढावा. खालची चीर विसरलात तर फांदी पडताना खोडाची साल हातभर सोलून नेते.

पावसाळ्याआधी झाडं बोडकी करण्याची जी लाट येते, तिच्याबद्दल लिहिताना माझा तोल जातो. वरून सरसकट शेंडे उडवले की दर कापाजवळ झुपक्याने धुमारे फुटतात. ते आतून उगवलेले नसतात, वरच्या थराला चिकटलेले असतात, आणि खालचा काप सडू लागलेला असतो. काही वर्षांत तेच धुमारे जाड, जड होऊन डोक्यावर येतात. वर्षाला हिरव्या पसाऱ्याच्या पाव हिश्शाहून जास्त काढू नये, म्हाताऱ्या झाडाचा तर त्याहून बराच कमी.

बुंध्याकडेही पाहावं. जमिनीत शिरताना खोड पसरट व्हायला हवं. खांबासारखं सरळ आत गेलेलं दिसलं तर बुंधा मातीत गाडला गेला आहे. हाताने माती सारून तो उघडा करावा. एकाच बाजूला सपाट असेल तर एखादं मूळ खोडाला फास घालून बसलंय का, ते बघावं. वर्षानुवर्षं कललेलं, पण शेंडा पुन्हा सरळ वळवलेलं झाड बहुधा सावरलेलं असतं. नव्याने कललेलं आणि मागच्या बाजूची जमीन फुगलेली किंवा भेगाळलेली असेल तर मुलांना तिथून हलवा आणि त्याच दिवशी जाणकाराला बोलवा. बुंध्याशी फळीसारखी कडक बुरशी दिसली तरी उशीर करू नये. बुरशी बाहेर येईपर्यंत आत बरंच काम झालेलं असतं.

बायको गेल्यावर मी त्याच जागी नवा गुलमोहर लावला. त्याला यंदा बेचकं फुटलं. झोपाळ्याचा मोह पुन्हा झाला, पण मी एक खोड काढलं.

तेव्हा संपादकसाहेब, दोन विनंत्या. पुढच्या वेळी आपल्या बातमीदाराला फाटलेल्या जागेचा फोटो जवळून काढायला सांगा. तिथे काळी साल किंवा सड दिसली तर बातमीत ‘अचानक’ लिहू नका.

आपला,
एक निवृत्त सुतार
(नाव व पत्ता सोबत कळवला आहे, कृपया छापू नये.)