नळ्यांच्या पोटावरची कुंडली

कासेल, रविवार

प्रिय सुध्या,

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तर लांबलं ते एका दुनळी रायफलीपायी. हसू नकोस. शिवराईवरची झिजकी अक्षरं लावत रात्री जागवणाऱ्यानं तर मुळीच हसू नये.

शेजारचे ऐंशीचे म्हातारबा एकदा म्हणाले, "आजोबांची रायफल बघायचीय? खुद्द क्रुपनं बनवलेली आहे." नळ्यांवर कोरलंही होतं तसं, 'फ्लुसश्टाल क्रुप एसेन', शेजारी तीन कडी. पण क्रुप पडला एसेनचा पोलाद कारखाना, त्याचं त्यात काय, तर पोलाद! 'फ्लुसश्टाल' हा पोलादाचाच एक प्रकार. आपल्या डब्यावर 'स्टेनलेस स्टील' लिहितात, त्यातलाच प्रकार. दोन नळ्यांमधल्या पट्टीवर आणखी तिसरंच नाव, ते एका शहरातल्या दुकानदाराचं. त्या काळी असे दुकानदार सूलसारख्या बंदुका घडवणाऱ्या गावच्या कारागिरांकडून माल घ्यायचे आणि वर आपलं नाव घालायचे.

खरी कुंडली नळ्यांच्या पोटाशी. म्हातारबांनी आधी रायफल रिकामी असल्याची खात्री केली, पुढचं लाकूड काढलं, कळ फिरवली आणि नळ्या उतरवून टेबलावर उताण्या ठेवल्या. खडू चोळून बोटानं पुसला, तशा खुणा पांढऱ्या उमटल्या. मुकुटाखाली 'जी', म्हणजे 'गेत्सोगेन', आतून आटे पाडलेली नळी. मुकुटाखाली 'यू', म्हणजे तपासणी झाली. शिवाय गरुड. हे सरकारी चाचणीचे शिक्के. जर्मनीचा बंदुकांच्या चाचणीचा कायदा १८९१ चा, अंमल १ एप्रिल १८९३ पासून, तेव्हा या खुणांची रायफल त्याआधीची नव्हे. शेजारी '४ ११'. मी शहाण्यानं तो अनुक्रमांक धरला आणि ४११ शोधण्यात दोन आठवडे घालवले. निघाला महिना आणि साल, एप्रिल १९११!

त्याखालच्या '१०८.४९' नं तर डोकं फिरवलं. हिशेब जुन्या बंदुकवाल्यांचा आहे रे. एक पौंड शिशाच्या सारख्या गोळ्या पाडायच्या, १०८.४९ झाल्या तर एकीचा व्यास ०.३५० इंच, सुमारे ८.८९ मिलिमीटर. नळीतून सरकणारा मापाचा दट्ट्या तेवढा. आट्यांच्या खाचा त्याहून खोल, म्हणून गोळी ९.३ ची. तरी काडतूस कोणतं? बंदूक दुरुस्त करणाऱ्यानं काडतुसाच्या घरात एक मिश्रधातू ओतला, उकळत्या पाण्याहून कमी उष्णतेला वितळणारा. गार झाल्यावर साचा अलगद बाहेर आला. ७२ मिलिमीटर, सरळ निमुळता, बुडाला कडा. ९.३ × ७२ आर. याच मापाचं '७४ आर' नावानं सख्खं भावंड वाटतं, पण त्याचा दाब कितीतरी जास्त. नुसती पट्टी लावून ठरवलं तर पस्तावायची पाळी.

मला मात्र भुरळ पडली ती जोडणीची. नळ्या दिसतात समांतर, असतात तोंडाकडे किंचित जवळ आलेल्या. कारागीर गोळ्या झाडून बघणार, डाक वितळवणार, मधली पाचर केसभर सरकवणार, पुन्हा झाडणार. दोन्ही गोळ्या शेजारी पडेपर्यंत हेच. आणि ते जमतं ठरावीक काडतुसापुरतंच. दुसरं घातलं की नळ्यांची भाऊबंदकी सुरू.

तू विचारलंस, आपल्या संस्थानिकांच्या रायफली अशाच का? तिकडे बहुतेक विलायती माल. १९०७ च्या सुमारास इंग्रजांनी हिंदुस्थानात ४५० बोअरवर (बोअर म्हणजे नळीचं माप, इथे इंचाच्या हजाराव्या भागांत) बंदी आणली, लष्करी मार्टिनी-हेन्री रायफलीची काडतुसं बंडखोरांच्या हाती लागू नयेत म्हणून. मग ४६५, ४७० अशी नवी मापं निघाली. कुठल्या वाड्यात दुनळी दिसलीच तर आधी बोअर बघ.

एक गाठ मात्र सुटत नाही. उजव्या नळीच्या पोटाशी नळी घडवणाऱ्याची दोन बारीक अक्षरं आहेत. सूलच्या शस्त्रसंग्रहालयात काचेवर नाक टेकवून पाहिलं, तशी जोडी काही सापडली नाही. पेन्सिलीनं घासून घेतलेला ठसा पाकिटात घातलाय. तुझ्या भिंगाखाली धर आणि सांग, दुसरं अक्षर 'एस' आहे की झिजलेला '८'?

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मध्या