114 नंबरच्या कॅरेटवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचेल की नाही, देव जाणे. पण दिंडोरीकडच्या कुणाच्या नजरेला पडलं आणि 'अरे, हे तर आपले अमुक' असं वाटलं, तर तो माणूस निरोप देईल, या आशेवर लिहितेय. तुमचा नंबर घ्यायचा राहिला. नाव विचारायचंही सुचलं नाही, याची लाज वाटते.

ओळख देते. गेल्या फेब्रुवारीत शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास पांढरी गाडी चारीत घालून उभ्या असलेल्या त्या दोन बायका आम्ही. गाडी चालवणारी मी. दुसरी माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिचा पन्नासावा वाढदिवस होता आणि तिला एकदा तरी वायनरी बघायची होती. घरी सासूबाईंना तिनं "वणीच्या रस्त्याला जातोय" एवढंच सांगितलं होतं. तसं खोटं काही नव्हतं, दिंडोरी त्याच रस्त्यावर लागते.

ठाण्याहून पहाटे पाचला निघालो, नाशकात मिसळ खाल्ली, तोवर सगळं सुरळीत होतं. पुढे मॅपनं डांबरी सोडायला लावून बागांमधल्या कच्च्या रस्त्यावर घातलं. समोरून पिकअप आली, तिला जागा द्यायला मी डावीकडे घेतलं, आणि पुढचं चाक गेलं खाली.

तुम्ही ट्रॅक्टर थांबवलात. ट्रॉलीत निळ्या कॅरेटांची थप्पी, वर बसलेल्या तोडणीच्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. तुम्ही नाही हसलात. "मॅपनं आणलं का?" एवढंच विचारलंत. दोर कुठं बांधायचा म्हणून मी गाडीखाली वाकून बघत होते, तर तुम्ही डिकी उघडायला लावलीत, स्टेपनीजवळून एक लोखंडी हुक शोधून काढलात, बंपरवरचं चौकोनी झाकण नखानं उचकटलंत आणि तो हुक आत पिळून बसवलात. अकरा वर्षं मी ही गाडी चालवतेय. तो हुक गाडीत आहे हेच मला माहीत नव्हतं! मग ट्रॉली सोडवून ट्रॅक्टर फिरवून आणलात. "न्यूट्रल करा ताई, आणि ब्रेकवरचा पाय काढा." दुसऱ्या हिसक्याला गाडी वर.

मी पाचशेची नोट काढली, ती तुम्हाला दिसलीच नाही. तुमचं लक्ष उन्हाकडे होतं. वाईनचा माल पहाटेच तोडतात, ऊन चढायच्या आत वायनरीत पोचवावा लागतो, नाहीतर फुटलेल्या मण्यांचा रस तिथल्या तिथे आंबायला लागतो, हे तुमच्याकडूनच कळलं. म्हणजे आमच्या पायी तुमचा पाऊण तास गेला होता, तो नेमका कामाच्या वेळेतला. तरी तोंडातून चकार शब्द नाही.

"वायनरीतच जायचंय ना? मग या माझ्या मागं," म्हणालात. आणि फाटकावर वॉचमननं आमची गाडी पर्यटकांच्या बाजूला वळवायला हात केला, तेव्हा म्हणालात, "पाव्हणे आहेत माझे." तेवढ्या एका वाक्यानं आमचा दिवसच पालटला. एरवी आम्ही थेट चाखायच्या खोलीत गेलो असतो, फोटो काढले असते आणि परत आलो असतो.

काट्यावर तुमच्या पुढे तीन ट्रॅक्टर होते. त्या रांगेत तुम्ही शिकवलंत तेवढं आतल्या गाईडनंही सांगितलं नाही. शर्टच्या खिशातून ती काळी नळी काढलीत, एक मणी चिरडून काचेवर थेंब टाकलात आणि मला उजेडाकडे तोंड करून बघायला लावलंत. वर निळं, खाली पांढरं, आणि मधली रेघ बावीसवर. "ही गोडी. हिच्यावर भाव." तो मणी मी खाल्ला. बारीक, जाड सालीचा, आत बिया, आणि इतका गोड की घसा धरला. बाजारातली लांबट द्राक्षं खाऊन मोठी झालेली मी, मला ते द्राक्ष वाटेचना. खायच्या मालाला मणी फुगवायला जीएच्या औषधात बुडवतात, विरळणी करतात. याला तसलं काही लागत नाही. भुरी आणि डावणी या रोगांवरची फवारणी मात्र चुकत नाही, असं सांगताना तुमचा आवाज थोडा खाली आला.

2001 साली सरकारनं वाईनचं धोरण आणलं, त्यानंतर तुम्ही शेनिन ब्लाँ ही पांढऱ्या वाईनच्या द्राक्षांची जात लावलीत. (तुम्ही 'शेनीन' म्हणता. मीही आता तेच म्हणते.) 2009च्या आसपास मागणी बसली तेव्हा शेजारच्यांनी वेली उपटल्या. तुम्ही अर्धी बाग ठेवलीत. का, असं मी विचारलं. "उपटायला मजुरी नव्हती," म्हणालात. यावर हसावं की नाही, मला अजून कळलेलं नाही.

तेवढ्यात मैत्रिणीला तुमच्या गळ्यातली तुळशीमाळ दिसली. "मग तुम्ही वाईन...?" तुम्ही मान हलवलीत. इतकी वर्षं माल देताय, आणि एक घोट नाही!

नंतर आत आम्ही सगळं पाहिलं. कॅरेटं ओतल्यावर घोंघावणाऱ्या मधमाश्या, देठ वेगळे करणारं यंत्र, दाबून निघालेला हिरवट रस, थंडगार स्टीलच्या टाक्या. पांढऱ्या वाईनचा रस सालीपासून लगेच वेगळा करतात आणि लाल वाईन सालीसकट आंबवतात, रंग सगळा सालीतून येतो, हे पन्नाशीला कळलं. चाखायच्या खोलीत मी गाडीवाली म्हणून नुसते वास घेतले. मैत्रिणीनं पाच ग्लास चाखले, घोट थुंकायला ठेवलेल्या भांड्याकडे तुच्छतेनं बघून.

बाहेर आलो तर तुम्ही पावतीची वाट बघत चहा पीत होतात. "कशी लागली आमची शेनीन?" मैत्रीण डोळे मिटून म्हणाली, "काका, पिकलेल्या पेरूचा वास येतो हो तिला." तुम्ही बशी खाली ठेवलीत. "बांधावर पेरू आहे माझ्या. त्याचा लागला असंल." आणि सकाळपासून पहिल्यांदा खळखळून हसलात.

निघताना घरच्यासाठी म्हणून खायच्या द्राक्षांचं अख्खं कॅरेट डिकीत ठेवलंत. "कॅरेटचं बघू पुढच्या वेळी." मैत्रिणीच्या सासूबाईंनी ती द्राक्षं वणीचा प्रसाद समजून आधी कपाळाला लावली आणि मग खाल्ली. आम्ही गप्प बसलो.

काका, त्या दिवशी धांदलीत नुसतं "थँक्यू" म्हणून खिडकीची काच वर केली. ते पुरेसं नव्हतं. मनापासून आभार. गाडी काढल्याबद्दल तर आहेतच, आणि "पाव्हणे आहेत माझे" म्हणालात त्याबद्दल जास्त.

ते कॅरेट अजून माझ्याकडेच आहे. निळं, बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटनं 114. सध्या त्यात कांदे ठेवलेत, खरं सांगते. 113 आणि 115 च्या मध्ये तुमची थप्पी अडत असेल, तर या फेब्रुवारीत धुऊन परत आणून देते. मैत्रीणही येणार म्हणतेय. गाडी चारीच्या अलीकडेच लावू आणि चालत येऊ.

आपली,
न्यूट्रलमध्येही ब्रेक दाबून धरणारी ताई