बदल्यात काय घेतलं?

मा. संपादक, नमस्कार.

सरकार असो नाहीतर कंपनी, कुणी एखादी मागणी मान्य केली की लगेच 'नमले', 'झुकले', 'माघार' असल्या हेडलाइनी सुरू. नाही ऐकलं तर हट्टी, ऐकलं तर लेचेपेचे, मग करायचं तरी काय माणसाने.

मी बरीच वर्षं सेल्समध्ये काढलीयत. कस्टमर कोटेशन हातात घेतो आणि नुसता बघत बसतो, एक शब्द बोलत नाही, आणि ती शांतता आपल्याच्यानं सहन होत नाही म्हणून आपणच बोलून जातो की बरं, पाच टक्के कमी करतो. त्याने मागितलेलंही नसतं! पुढच्या ऑर्डरला बोलणी तिथूनच सुरू होणार, वर आणखी किती ते सांगा. माझे पहिले बॉस म्हणायचे, डिस्काउंट द्या पण बदल्यात काहीतरी मागा, पेमेंट लवकर, नाहीतर क्वांटिटी जास्त, काहीच नाही तर डिलिव्हरीला चार दिवस वाढवून. फुकट सोडलं की समोरच्याला वाटतं आधीचा रेटच फुगवलेला होता. (पुष्कळदा असायचाही, ते सोडा.)

राजकारणात तेच. 991 मध्ये इंग्लंडच्या राजाने समुद्रातून लुटायला आलेल्या व्हायकिंगांनी परत जावं म्हणून 10,000 पौंड चांदी मोजली. ते गेले आणि अर्थातच परत आले, 1012 ला आकडा 48,000 वर गेल्याची नोंद आहे. म्युनिकचा करार तर सगळ्यांना तोंडपाठ, पण 1938 ला तिथे ब्रिटन-फ्रान्सने हिटलरला जे दिलं ते चेकोस्लोव्हाकियाचं होतं आणि त्या बिचाऱ्यांना बैठकीत घेतलंच नव्हतं, हे कुणी सांगत नाही. दुसऱ्याच्या खिशातून उदार व्हायला काय जातंय? बदल्यात मिळाला शांततेच्या वचनाचा एक कागद. मार्च 1939 ला हिटलर प्रागमध्ये.

म्हणून उठसूट म्युनिक म्युनिक करणंही बरोबर नाही. 1962 मध्ये रशियाने क्युबात मिसाइल ठेवली, तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींनी तुर्कस्तानातली आपली मिसाइल काढायचं गुपचूप कबूल केलं आणि रशियाने क्युबातली काढली. जगाला वाटलं अमेरिकेने फक्त क्युबावर हल्ला न करण्याचा शब्द दिला. दिलं आणि घेतलंही, फक्त तुर्कस्तानचा भाग बाहेर येऊ दिला नाही. कोका-कोलाने 1985 मध्ये चव बदलली, लोक चिडले, 79 दिवसांत जुनी चव परत आणायचं जाहीर केलं. त्याने कंपनी बुडाली नाही, आणि लोकही पुढच्या महिन्यात नवीन मागणी घेऊन आले नाहीत, त्यांना फक्त जुनं हवं होतं.

तेव्हा पुढच्या वेळी 'झुकले' छापाल तेव्हा खाली दोन ओळी द्या ना, मूळ मागणी काय होती, दिलं किती, कुणाच्या खिशातून आणि बदल्यात काय घेतलं. पत्र लांबलंय, माहितीये. कोका-कोलाचं कापलंत तरी चालेल, पण क्युबाचं तेवढं ठेवा.

- एक नेहमीचा वाचक