रामशेजच्या पटावर डावपेच हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीत नाशिकमधील शालेय विद्यार्थ्यांनी तयार केलेल्या बैठ्या खेळांचे एक लहानसे प्रदर्शन पाहण्यात आले. त्यांत रामशेज किल्ल्यावरचे तीन खेळ होते. चित्रे फार मेहनतीने काढलेली होती, परंतु तिन्ही खेळ मुळात सापशिडीच होते: फाशाचे दान पडेल तितके पुढे जायचे, ‘रसद पोहोचली’ या घरात आलो तर आणखी दोन घरे. खेळणाऱ्याने स्वतः ठरवावे असे त्यांत काहीच नव्हते, याचे मला मनापासून वाईट वाटले.

फाशाला माझा विरोध नाही. १८२४ साली प्रशियात राइसविट्झ या लष्करी अधिकाऱ्याने प्रसिद्ध केलेल्या युद्धखेळातही फासे होतेच. मात्र तेथे खेळाडू आधी पंचाकडे हुकूम देई आणि त्या निर्णयाचे फळ काय, एवढेच फासा सांगे.

१६८२ पासून पाच वर्षांहून अधिक काळ मोगल फौजेला झुंजवणारा रामशेज हा तर नियम रचणाऱ्यासाठी विलक्षण विषय आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने पहिल्या महायुद्धाच्या काळात मांडलेल्या नियमानुसार, मोकळ्या मैदानात प्रत्येकाला समोरच्या कोणावरही गोळी झाडता येत असेल, तर सैन्याचे बळ संख्येच्या वर्गाप्रमाणे वाढते. सारख्याच तयारीचे १०० आणि ८० सैनिक भिडले, तर ८० संपतात तेव्हा शंभरांतले ६० शिल्लक असतात. पण तेच शंभर पन्नास-पन्नासांच्या दोन तुकड्यांनी एकामागून एक आले, तर ८० जण दोन्ही तुकड्या संपवतात आणि त्यांचे सुमारे ३७ उरतात. याच गणितामुळे पटावर एकदा पुढे गेलेला खेळाडू पुढेच जात राहतो आणि हरणाऱ्याला उरलेला वेळ नुसते बसून काढावा लागतो. अरुंद वाटेवर हातघाईची लढाई असेल, तर एका वेळी मोजकेच भिडू शकतात; तेथे वर्ग गळून साधे प्रमाण उरते. थोड्या शिबंदीला किल्ला लढवता येतो, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

मी गणित शिकवतो. वर्गातल्या मुलांबरोबर आम्ही मोगलांना चाळीस आणि किल्ल्याला आठ सोंगट्या देऊन पाहिल्या, तेव्हा प्रत्येक डाव मोगलांनी सहज जिंकला. वाटेवरून एका पाळीत दोनच सोंगट्या चढतील असा नियम केला, तर किल्ला कधी पडेचना. मग दोन्हीकडे धान्य मोजायला लागलो आणि दर चौथ्या पाळीला पावसाळा आणला. त्यानंतर मात्र मोगलांकडून खेळणारी मुले चढाई थांबवून आधी दमदमा (तोफा चढवण्यासाठीचा उंच मनोरा) उभारावा की किल्ल्याची रसद तोडावी, यावर वाद घालू लागली.

पुढील प्रदर्शनात चित्रांबरोबर नियमांनाही गुण द्यावेत आणि प्रत्येक खेळासोबत निदान दहा डावांची नोंदवही मागावी: कोण जिंकले आणि हरणाऱ्याने कितव्या पाळीला आशा सोडली.

आपला,
एक गणितशिक्षक, नाशिक