घोड्यांनी आखलेला घाट आणि व्हॅली ओक

सॅन होजे, कॅलिफोर्निया
१२ एप्रिल

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

तू घाटरस्त्यांची आखणी करतोस, म्हणून हे तुलाच लिहितोय. आमच्या शहराच्या पूर्वेला माउंट हॅमिल्टनवर राज्य महामार्ग १३० चढतो. लांबी चाळीस किलोमीटरसुद्धा नाही, पण असा रस्ता मी दुसरा पाहिलेला नाही.

१८७५ मध्ये जेम्स लिक या धनिकाने सांता क्लारा काउंटीपुढे, म्हणजे आमच्या जिल्ह्यापुढे, अट ठेवली, की तुम्ही शिखरापर्यंत चांगला रस्ता बांधा, मी तिथे वेधशाळा उभारतो. सगळं सामान घोडागाड्यांतून जाणार होतं. म्हणून चढ शंभर फुटांमागे साडेसहा फुटांच्या आत ठेवला. एवढ्या सौम्य चढाने चार हजार फुटांवर पोचायचं म्हटल्यावर वळणांना अंत नाही! १८७६ च्या अखेरीस रस्ता पुरा झाला. लिक त्याआधी ऑक्टोबरमध्येच वारले. त्यांचा देह पुढे ३६ इंची दुर्बिणीच्या पायाखाली पुरला. १८८८ मध्ये ती सुरू झाली तेव्हा भिंगाची एवढी मोठी दुर्बीण जगात नव्हती, आणि १८९२ मध्ये खगोलशास्त्रज्ञ बर्नार्डना तिच्यातूनच गुरूचा पाचवा चंद्र सापडला.

कायद्याच्या कागदावर हा महामार्ग डोंगरापलीकडच्या पॅटरसन गावाकडे जातो. तो तुकडा राज्याने बांधलाच नाही. मला तर हे भाग्यच वाटतं. पलीकडची अवजड वाहतूक इथे वळली नाही, त्यामुळे रुंदीकरणाची वेळ आली नाही. वाटेत ग्रँट घराण्याचं जुनं कुरण लागतं, आता ते काउंटीचं उद्यान आहे. तिथे व्हॅली ओक नावाचे वृक्ष अजून ऐसपैस उभे आहेत.

हे झाड फक्त कॅलिफोर्नियाचं. पानझडी, प्रचंड घेराचं, मुळं भूजलापर्यंत गेलेली. काही झाडं पाचशे वर्षांपलीकडची, म्हणजे पहिली घोडागाडी गेली तेव्हाही म्हातारीच. इथले मूळचे ओलोनी लोक ओकची फळं कुटून, पाण्याने कडवटपणा काढून त्यांची पेज करत. १७९२ मध्ये इंग्रज दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हर खालच्या खोऱ्यातून गेला, तेव्हा त्याला ते ओक लावलेल्या उपवनासारखं वाटलं होतं. ते बन फळबागांसाठी तुटलं, आणि फळबागा आमच्या घरांसाठी, ऑफिसांसाठी तुटल्या.

पण मनाला रुखरुख लागते ती दुसऱ्याच गोष्टीची. कुरणावर म्हातारी झाडं भरपूर, पोरसवदा झाड शोधावं लागतं. रोप उगवतं, पण गुरं आणि हरणं शेंडे खुडतात, खारी-घुशी मुळं कुरतडतात, आणि युरोपातून आलेलं गवत वसंतातच ओल शोषून घेतं. कोणी जाळी लावून जपलं तरच ते वाढतं. कापणारं कोणी नसूनही एखादं बन असं विरत जातं, हे मला फार लागतं.

तुमच्याकडे रुंदीकरणात वड-चिंचा जातात, त्यांच्या बदल्यात लावलेली रोपं किती वर्षं जगवायची हे कंत्राटात लिहिलेलं असतं का? असेल तर ते कोण तपासतं? सविस्तर कळव. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
सुहास