देवाने एलीयाला आधी भाकरी दिली

बाणावली, गोवा
उपवासकाळाचा दुसरा आठवडा

प्रिय आई आणि बाबा,

प्रभू येशूच्या नावात तुम्हा दोघांना सलाम.

परवा आईचा फोन आला होता. बाबांना सांगू नकोस म्हणाली, पण बाबा, मी हे पोटात ठेवणार नाही. शुक्रवारच्या प्रार्थनासभेत उठताना तुम्हाला घेरी आली, बाकाला धरून कसेबसे उभे राहिलात आणि घरी आल्यावर तासभर पडून होतात. एवढं होऊनही यंदा चाळीस दिवस सूर्यास्तानंतर एकदाच जेवायचं, हा तुमचा निश्चय कायम आहे. आईने कारण विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "देवाने मला अजून कशासाठी ठेवलंय, ते त्याने सांगावं. तोवर मी त्याचं दार सोडायचा नाही."

तुमचं ते बोलणं माझ्या डोक्यातून जात नाही. फोनवर विषय काढला की तुम्ही "सगळं ठीक आहे, तू जेवलीस का?" म्हणून मोकळे होता, म्हणून हे पत्र. चष्मा लावून सावकाश वाचा आणि आईलाही मोठ्याने वाचून दाखवा. हे तिच्यासाठीही आहे.

आधी नर्स म्हणून बोलते, म्हणजे ते एकदा बोलून होईल. सकाळी तुम्ही मधुमेहासाठी जी ग्लिमेपिराइडची गोळी घेता, ती पोटात अन्न आहे की नाही हे बघत नाही. तुम्ही जेवा, न जेवा, ती साखर खाली ओढतच राहते. त्यात बीपीची गोळी, आणि उपास म्हणून पाणीही बेताचं. घेरी येणारच. गेल्या वर्षी याच दिवसांत आमच्या वॉर्डात एका काकांना चर्चमधून थेट आणलं होतं. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, हात थरथरताहेत, आणि सुनेला ते आपल्या बहिणीच्या नावाने हाका मारताहेत. मीटरवर साखरेचा आकडा 42. 70च्या खाली गेलं की आम्ही सावध होतो, इथे तर 42. शिरेतून 25 टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं द्रावण दिलं, पाच-सात मिनिटांत त्यांनी डोळे स्थिर करून सुनेकडे पाहिलं आणि विचारलं, "प्रवचन संपलं?" घरातले सगळे रडत होते. बाबा, ते वेळेवर पोचले म्हणून. रात्री घरी झोपेत असं झालं असतं तर कोणाला कळलंही नसतं.

म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण चुकवायचं नाही, आणि गोळीही मनाने बंद करायची नाही. उपासाचं डॉक्टरांना सांगायला संकोच वाटू देऊ नका. रमजानात आणि चातुर्मासात त्यांच्याकडे असे पेशंट येतातच, गोळ्यांची वेळ आणि मात्रा कशी बदलायची हे त्यांना ठाऊक असतं. आणि आई, घाम, थरथर किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर मीटर शोधत बसू नकोस. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाज, पंधरा मिनिटांनी साखर तपास, तरी कमीच असली तर पुन्हा दे. गिळता येत नसेल, शुद्ध हरपत असेल, तर तोंडात काही घालू नकोस, सरळ गाडी बोलाव.

आता लेक म्हणून, आणि तुम्हीच शास्त्र वाचायला शिकवलेली म्हणून.

कशासाठी ठेवलंय हा प्रश्न पवित्र शास्त्रात तुमच्याआधी एलीया संदेष्ट्याने विचारला आहे, आणि तुमच्यापेक्षा कडू तोंडाने. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय झाल्यावर ईजबेल राणीच्या धाकाने तो रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, आता पुरे, माझा जीव घे. राजांच्या पहिल्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय. तुम्ही तो रविवारच्या शाळेत आम्हाला इतक्यांदा सांगितला आहे की निखाऱ्यावर भाजलेल्या भाकरीचा वास मला अजून त्या अध्यायातून येतो. देवाने तेव्हा एलीयाला काय सांगितलं? कामाचं नाव काढलं नाही. रागावलाही नाही. दूत पाठवला, भाकरी आणि पाण्याची सुरई उशाशी ठेवली आणि म्हणाला, ऊठ, खा. तो जेवला, पुन्हा झोपला. दूत दुसऱ्यांदा आला आणि म्हणाला, खा, वाट तुला झेपायची नाही. त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस, चाळीस रात्री चालून होरेब डोंगरापर्यंत गेला. काम मिळालं ते तिथे. कोणाला अभिषेक करायचा, आपल्या जागी अलीशाला कसं नेमायचं, हे सगळं होरेबावर. आधी भाकरी, झोप, पुन्हा भाकरी, आणि मग काम. बाबा, तुम्ही हा क्रम उलटा करायला निघाला आहात. खाणार नाही, आधी काम सांग, असं तुमचं चाललंय. देव तसं घासाघीस करत नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत.

तुम्ही म्हणाल, मग मोशे, मग खुद्द प्रभू? त्यांचे चाळीस दिवस मोठे, त्याबद्दल मी बोलायची नाही. पण दानीएल घ्या ना. दहाव्या अध्यायात तो तीन आठवडे शोक करतो. कोरेश राजाचं तिसरं वर्ष, म्हणजे दानीएलाने ऐंशी ओलांडली असणार, कारण बाबेलात त्याला नेलं ते तरुण असताना. त्या वयात त्याने अन्न पूर्ण तोडलं नाही. रुचकर काही खाल्लं नाही, मांस आणि द्राक्षारस तोंडाला लावला नाही, अंगाला तेल लावलं नाही. एवढंच. आणि दर्शन त्यालाच झालं. म्हाताऱ्या माणसाच्या उपासाचा याहून चांगला दाखला मला तरी शास्त्रात सापडत नाही.

मी राहते त्या घरच्या आंटींचंही सांगायला हवं. सत्तरी उलटली आहे, गुडघे गेलेत, पण रोज संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हणायला वेदीपुढे बसतात आणि अर्धी बाणावली त्यांच्या ओठांवरून जाते. इथे उपवासकाळाला कोरेज्म म्हणतात. कॅथलिकांचा नेम तसा सोपा आहे. भस्म बुधवार आणि उत्तम शुक्रवार, या दोनच दिवशी कडक उपास, तोसुद्धा एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडंसं. साठावं वर्ष लागलं की त्याचंही बंधन नाही. शुक्रवारी मांस वर्ज्य, मासे चालतात. पण आंटी म्हणतात, गोंयकाराने मासळी खाऊन कसला उपास? म्हणून त्या शुक्रवारी मासळीही घेत नाहीत. सकाळी पदेर पाव घेऊन येतो, तो खातात. दुपारी उकड्या तांदळाची पेज आणि मिश्कूट, त्या आंब्याच्या लोणच्याची एकच फोड. मासळीचे जे पैसे वाचतात ते ओट्यावरच्या डब्यात टाकतात. पेज मात्र दोघींची करतात. मागच्या घरात एक एकटी बाई आहे, मुलं परदेशात, तिला डबा नेऊन देतात आणि ती जेवेपर्यंत तिथेच बसतात.

पहिल्या वर्षी हे बघितलं आणि यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय माझ्यापुढे उभा राहिला. लोक देवाला विचारतात, आम्ही उपास केला, तुला दिसलं कसं नाही? देव म्हणतो, मला आवडणारा उपास वेगळाच आहे, तुझी भाकर भुकेल्याला वाटून दे. तुमच्या उपासात बाबा, तुमच्या ताटातलं जे उरतं ते कुठे जातं? आईने सांगितलं, ते फ्रिजमध्ये जातं आणि दुसऱ्या दिवशी ती एकटी खाते. हे मला आवडलं नाही. स्पष्टच लिहिते.

बाणावलीचं हे चर्च, जिथून मी रोज जाते-येते, तिथे संत जुझे वाझ यांचा बाप्तिस्मा झाला, 1651 साली. आपल्याकडे संतांचं फारसं चालत नाही, मला ठाऊक आहे, पण या माणसाबद्दल तुम्ही ऐकाच. डचांनी लंकेत कॅथलिक पाद्र्यांना बंदी केली होती. हे 1687मध्ये मजुराच्या वेषात तिथे उतरले, उतरल्या उतरल्या आजारी पडले. पुढे कँडीत हेर समजून त्यांना कैदेत टाकलं. 1697मध्ये तिथे देवीची साथ आली, लोक आपल्याच माणसांना टाकून पळाले, तेव्हा हे घरोघरी जाऊन रोग्यांना खाऊ घालत होते, धूतपुसत होते, मेलेल्यांना मूठमाती देत होते. उपास आणि प्रार्थना त्यांच्या आयुष्यात पुष्कळ होती, आणि ती सगळी त्या रोग्यांच्या अंथरुणापर्यंत पोचली. 1711मध्ये ते कँडीतच वारले, 2015मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत जाहीर केलं. रात्रपाळीला निघताना त्या चर्चवरून जाते तेव्हा मला बळ येतं.

आता तुमच्या प्रश्नाचं, म्हणजे कशासाठी ठेवलंय याचं. देवाच्या वतीने उत्तर द्यायचा अधिकार मला नाही. पण मला जे दिसतं ते सांगते.

तुमची प्रार्थनेची वही. हजेरीपटाची जुनी वही, डावीकडे नावं, पुढे चौकोन, आणि प्रार्थनेचं उत्तर मिळालं की लाल पेनने तारीख. शाळा सुटून इतकी वर्षं झाली, मंडळीतली कामं तरुणांकडे गेली, रविवारची शाळाही दुसऱ्या कोणी घेतली, पण पहाटे साडेचारला ती वही उघडायचं तुम्ही सोडलं नाहीत. एकेक नाव हजेरी घेतल्यासारखं वाचता. लहानपणी अंथरुणात पडल्या पडल्या मी माझं नाव यायची वाट बघायची.

वॉर्डात पहाटे साडेचार ही सगळ्यात अवघड वेळ असते. रोग्यांचा धीर सुटतो तो तेव्हाच, आपलेही पाय जड होतात. त्या वेळी मला माहीत असतं की नगरला बाबा वही उघडून बसलेत. मागच्या महिन्यात मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं, पुरुष वॉर्ड, कॉट चौदा. त्यांची बायको पेडण्याची, आपल्यासारखीच मराठी बोलणारी, देवघरात गणपती असलेली. दोन रात्री ती खुर्चीवरून हलली नव्हती. मी तिला सहज म्हणाले, माझे वडील तुमच्या यजमानांसाठी रोज पहाटे प्रार्थना करतात. ती माझ्याकडे बघतच राहिली. तिने विचारलं, "ते आम्हाला ओळखतात?" मी म्हटलं, नाही. मग तिने पर्समधून कागद काढला, त्यावर नवऱ्याचं पूर्ण नाव लिहिलं आणि माझ्या हातात दिला. "त्यांना म्हणावं, कॉट नंबर नको, नावाने मागा." बाबा, तुम्हाला कशासाठी ठेवलंय हे त्या बाईला विचारलं असतं तर तिने एका क्षणात सांगितलं असतं.

मंदिरातली हन्नाही आठवा. लूकने तिच्याबद्दल मोजक्याच ओळी लिहिल्या. चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा, मंदिर सोडून गेली नाही, रात्रंदिवस उपास आणि प्रार्थना. दुसरं काही काम तिच्या नावावर नाही. पण बाळ येशूला आणलं तेव्हा ओळखणाऱ्या दोघांपैकी ती एक. पूर्ण मंदिरात याजक किती असतील!

आई, तुझ्याबद्दल एक. तू गेली कित्येक वर्षं शुक्रवारी सकाळी काही न खाता भगिनी मंडळाच्या सभेला जातेस आणि कोणाला कळू देत नाहीस. डोक्याला तेल लावून, तोंड धुऊन, प्रभूने सांगितलं अगदी तसं. मला ते नोकरी लागल्यावर कळलं. तुझा उपास मला घरातला सगळ्यात सुंदर उपास वाटतो. पण बाबा खात नाहीत म्हणून तूही हल्ली घासभरच खातेस, ते थांबव.

मग असं करूया का? बाबा, तुम्ही सकाळी गोळीबरोबर भाकरी खा, दुपारी वेळेवर जेवा. मांस आणि गोड सोडा, दानीएलासारखं, आणि संध्याकाळचा चहाही सोडायचा असेल तर सोडा. बुधवारी आणि शुक्रवारी आई तिघांचा स्वयंपाक करील. मागच्या गल्लीतले ते निवृत्त शिपाईकाका, ज्यांची बायको दिवाळीत वारली, त्यांना डबा तुम्ही स्वतः नेऊन द्यायचा आणि ते जेवेपर्यंत बसायचं. त्यांच्याशी देवाबद्दल बोलायलाच हवं असं नाही. क्रिकेटबद्दल बोललात तरी चालेल.

पुनरुत्थानाच्या आठवड्यात मला चार दिवस रजा मिळाली आहे. रात्रीच्या बसने निघेन, सकाळी नगरला. येताना आंटींचं मिश्कूट आणते, पण बाबा, तुम्हाला एकच फोड, त्यात मीठ फार असतं.

आणि वहीत ही तीन नावं घाला. आंटींचं उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, आंटी एवढंच लिहिलंत तरी चालेल. दुसरं, आमच्या वॉर्डात नवीन लागलेली एक मुलगी, मणिपूरची, घरच्यांशी बोलून आली की स्टोअररूममध्ये जाऊन रडते. तिसरं त्या पेडण्याच्या काकांचं. त्यांच्या बायकोने दिलेला कागद या पत्राबरोबर पाठवते आहे. त्यांना डायलिसिसवर ठेवलंय. नावाने मागा.

तुमची,
मनू