दोन वाफ्यांबद्दल

विटा, ५ जुलै

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज म्हणालीस, प्रयोगातले पीक न आलेले दोन वाफे वगळले की ज्वारीचा आलेख सुरेख येतो, सरही वगळ म्हणतायत. मी ‘बघ बाई तुझं तू’ म्हणून फोन ठेवला. मग रात्रभर डोळ्याला डोळा नाही. कारण सांगतो. तुझ्या आईलाही हे ठाऊक नाही.

पर्जन्यमापक माझ्याकडे होता तेव्हाची गोष्ट. रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी मापात ओतायचं, आकडा वहीत लिहायचा. एका पावसाळ्यात आजीला मिरजेच्या दवाखान्यात न्यावं लागलं आणि एक सकाळ चुकली. दुसऱ्या दिवशी मोजलं तर ७० मिलिमीटर. ‘दोन दिवसांचं एकत्र’ असा शेरा मारायला हवा होता. पण गैरहजेरी उघडी पडली असती. मी ३५ आणि ३५ लिहून टाकलं. बेरीज तर बरोबर होती!

पाऊस मात्र सगळा एका रात्रीत पडला होता. ३५-३५ रानात मुरतो. एकदम ७० पडला की तो ताली, म्हणजे रानाचे बांध, फोडून जातो. शिवाय २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पडला तरच अतिवृष्टी धरतात. शेजारच्या आक्काचा भुईमूग मातीसकट गेला, आणि कागदावर अतिवृष्टी झालीच नाही. ती आपल्या ओट्यावर बसून सरकारला शिव्या देत होती. मी तिला चहा दिला.

तुला लहानपणी बलवडीला येरळेवरचं बळीराजा धरण दाखवायला नेलं होतं. तू नुसते पाण्यात दगड मारत होतीस. १९८२च्या गिरणी संपानंतर मुंबईहून परतलेली माणसं आणि इथली दुष्काळानं टेकीला आलेली माणसं एकत्र आली. नदीतली थोडी वाळू विकून धरण आपणच बांधायचं, आणि पाणी सगळ्यांना सारखं, ज्याला जमीन नाही त्यालासुद्धा, असं त्यांनी ठरवलं. असलं कधी कुठं झालंय का, म्हणून मीही तेव्हा हसलो होतो. पण ती नुसती मोर्चे काढत बसली नाहीत. पाणी किती, वाट्याला किती येतं, याचा हिशेब मांडून बसली. त्या हिशेबात कुणी माझ्यासारखं ३५-३५ घुसडलं असतं तर?

सरांशी भांड असं मी म्हणत नाही. पदवी तुझी आहे, वर्षं तुझी गेलीत. पण कमी पाण्यावरची ज्वारी तू शोधतेस ती कुणासाठी? आक्काचं रान सगळं मुरमाड. ज्या वाफ्यांत पीक आलं नाही ते तसल्याच जमिनीवर असतील, तर तू आलेखातून नेमकी आक्कालाच काढतेयस.

जुनी वही काढली काल. त्या पानावर पेनानं खरं काय ते लिहिलं, खाली सही केली. आक्काकडं जायचंय अजून.

त्या दोन वाफ्यांखाली मुरूम होता का, तेवढं फोनवर सांग.

तुझे,
अप्पा